रोख द्यावी की वस्तू? मोखाड्यातल्या एका घराचा सव्वादोन वर्षांचा हिशेब

लालबागकर

आमच्या शेजारच्या चाळीचा पुनर्विकास चालू आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या परांचीवरून एक माणूस खाली पडला. कमरेचं हाड मोडलं, सव्वा महिना सरकारी रुग्णालयात काढला. मी आणि आमच्या मजल्यावरच्या तिघी आळीपाळीने त्याच्या बायकोला डबा पोचवत होतो, तशी ओळख झाली. मोखाडा तालुक्यातली मंडळी, खोडाळ्याच्या पुढे आत एका पाड्यावरची. चौथीतली मुलगी आजीपाशी गावाला, दीड वर्षाचा मुलगा आईच्या कडेवर. ठेकेदाराने पहिल्या आठवड्यात थोडे पैसे दिले, पुढे फोन उचलणंच बंद केलं.

ते घरी जायला निघाले तेव्हा मजल्यावर वर्गणी काढायचं ठरलं आणि वाद सुरू झाला. एक म्हणाली तांदळाचं पोतं घेऊन देऊ, दुसरी म्हणाली शिलाई मशीन. मुलीला दप्तर आणि रेनकोट. रोख मात्र नको, "नवरा दारूत घालवेल". मीही त्याच मताची होते, हे आधीच सांगते. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "ताई, दिवाळीपर्यंत दर महिन्याला थोडे पैसे देता येतील का? म्हणजे शेटची उचल घ्यायला लागायची नाही."

उचल म्हणजे काय ते मला तोवर नीट ठाऊक नव्हतं. पाड्यावर भात, नागली, वरई पिकते ती पोटापुरती. आषाढ ते भाद्रपद कणगी रिकामी असते आणि नवं पीक अजून शेतात उभं असतं. नेमके तेव्हाच भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांचे मुकादम पाड्यावर येतात आणि दहा-वीस हजार हातावर ठेवतात. घरात कोणी आजारी असतं, कोणाचं लग्न ठरलेलं असतं, नाही म्हणायची सोय नसते. दिवाळी झाली की ते फेडायला अख्खं घर भट्टीवर. आठवड्याला खर्ची मिळते, बाकी सगळं शेटच्या वहीत. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो: इतक्या हजार विटा पाडल्या, इतकी खर्ची नेली, इतके दिवस आजारी. उचल थोडी शिल्लकच राहते, ती पुढच्या हंगामावर. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी ही वही चालू आहे.

आम्ही चौघींनी जून २०२३ पासून दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्या खात्यावर २,५०० रुपये टाकायला सुरुवात केली. कशावर खर्च केले ते विचारायचं नाही, असं आपसांत ठरवलं होतं. पण ती फोनवर आपणहून सांगते.

पहिले तीन महिने मला वाटलं काहीच होत नाहीये. सगळे पैसे वाण्याच्या उधारीत जात होते. मग ती एकदा म्हणाली, आता मी दुकानात भाव विचारते. उधारीवर घेणाऱ्याने भाव विचारायचा नसतो, तो सांगेल तो आणि देईल ती डाळ. उधारी फिटल्यावर ती पाव किलोऐवजी एकदम दोन किलो डाळ घ्यायला लागली, तीही खोडाळ्याच्या बाजारातून. त्याच पैशात डाळ जास्त आली. आपण महिन्याचं सामान एकदम भरणारी माणसं, हे आपल्या कधी लक्षातही येत नाही.

भाद्रपदात मुकादम आला. तिने उचल घेतली नाही. त्या दिवाळीनंतर त्यांचं घर पहिल्यांदाच पाड्यावर राहिलं. मुलगी पाचवीत होती, ती शाळेतच राहिली. नवऱ्याला अजून ओझं उचलवत नव्हतं, तो घरी पोराला सांभाळायचा आणि ही रोजाने जायची. पुढच्या वर्षी दोन शेळ्या आल्या. गहाण ठेवलेल्या चांदीच्या पाटल्या सुटल्या. २०२४ च्या पावसात वनपट्ट्याच्या तुकड्यावर पाच गुंठ्यांत मोगरा लावला. जव्हार-मोखाडा-विक्रमगडचा मोगरा आपल्या दादरच्या फुलबाजारात येतो, हे मला तिने सांगितलं. मी तीस वर्षं तिथून गजरे घेतेय.

दारूचंही सांगते. एका महिन्यात नवऱ्याने सहाशे रुपये नेले. त्या महिन्यात तिने मला फोन केला नाही. सत्तावीस महिन्यांत असं एकदाच झालं.

आजवर ६७,५०० रुपये गेले. आता प्रश्न असा. चौघींपैकी एक जण मुलाकडे पुण्याला गेली, तिचा वाटा थांबला. शिवाय मोखाड्याच्या बाईला ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीणचे १,५०० मिळतात. मजल्यावर म्हणतात, आता पुरे करा, दुसऱ्या कोणाला द्या. मला ठरवता येत नाहीये. तुम्ही काय कराल?

शून्य_शिल्लक

ताई, मी बँकेत होतो, म्हणून आधी कामाचं बोलतो. तिचं लाडकी बहीणचं खातं आणि तुम्ही पैसे टाकता ते खातं एकच आहे का? सरकारी पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात जातो, आणि एकापेक्षा जास्त खाती असतील तर शेवटी जे जोडलं त्यात. आमच्याकडे बाया पासबुक घेऊन रडत यायच्या, हप्ता आलाच नाही म्हणून. आलेला असायचा, भलत्याच खात्यात. दुसरं म्हणजे अंगठा. विटा पाडणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, मशीन ओळखत नाही. मग ग्राहक सेवा केंद्रवाला म्हणतो, उद्या या. तो उद्या म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि जीपभाडं.

लालबागकर

एकच खातं आहे. अंगठ्याचं अगदी खरं. सुरुवातीला दोनदा खोडाळ्याहून रिकाम्या हाताने परत आली होती. भट्टी सुटून वर्ष झाल्यावर अंगठा उमटायला लागला. हे तिने इतक्या आनंदाने सांगितलं की मी फोन ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

निवृत्त टपालवाला

हा धागा वाचून मला आमची खिडकी आठवली. परळ-लालबाग भागात मी टपाल खात्यात होतो, १९७४ पासून. गिरणीचा पगार झाला की मनीऑर्डरच्या खिडकीवर रांग लागायची ती बंद व्हायच्या वेळेपर्यंत. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर. वर कमिशन, तेही त्या माणसांना जड जायचं. फॉर्मच्या तळाला मजकुरासाठी एक पट्टी असायची. ज्यांना लिहिता यायचं नाही त्यांचा मजकूर आम्ही लिहायचो. "भात विकू नका. थोरल्याला शाळेत घाला. कौलं फिरवून घ्या." चार ओळींत सगळं घर मावायचं.

तुमच्या मोखाड्याच्या बाईला मिळतंय ते तेच आहे. कोकणातली आणि घाटावरची कितीतरी घरं ह्या एका कागदावर उभी होती आणि "फुकटचा पैसा माणसाला आळशी करतो" असं तेव्हा कोणी म्हणत नव्हतं, कारण पाठवणारा घरचा होता.

एक गोष्ट मात्र तेव्हाही महत्त्वाची होती: मनीऑर्डर कोणाच्या नावाने. बहुतेक जण बापाच्या नावाने पाठवायचे. काही जण हळू आवाजात सांगायचे, बायकोच्या नावाने लिहा. असं लिहायला सांगणारा माणूस पुढच्या महिन्यात गावाकडच्या कागाळ्या ऐकून यायचा, पण नाव बदलायचा नाही. त्यांची पोरं शिकलेली मी पुढे पाहिली. सगळ्यांचीच नाही, पण पाहिली.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. पहिल्या महिन्यात खिडकीवर तुरळक रांग होती, लोकांनी गाठीचं पाठवलं. उन्हाळ्यापर्यंत खिडकी ओस. पुढे गावाहून येणारा माणूस तांदळाची पिशवी घेऊन यायला लागला, मुंबईतल्या घरासाठी. पैसा थांबल्यावर काय होतं ते मी त्या खिडकीतून पाहिलंय. म्हणून सांगतो, थांबवायचं असेल तर सहा महिने आधी सांगा. अचानक थांबवू नका.

घाटमाथा

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मी ओतूरचा, आता मुलुंडला असलो तरी दर शनिवारी गावाला असतो, कांदा आणि टोमॅटो आहे. नारायणगावच्या मजूर बाजारात पूर्वी पहाटे माणसं मिळायची, त्यात अकोले, मोखाडा, सुरगाणा सगळीकडची. आता बायका मिळत नाहीत. मिळाल्या तर दर सांगतात तो परवडत नाही. कांदा मातीत राहतो. सरकारने पैसे वाटण्यापेक्षा काम द्यावं. रोजगार हमी आपल्या महाराष्ट्राने देशाला दिली, १९७२ च्या दुष्काळात सुरू झाली, १९७७ ला कायदा झाला. पाझर तलाव झाले, रस्ते झाले. माणसाने घाम गाळून घेतलेल्या पैशाची किंमत त्याला असते. माझ्या आईने हमीच्या कामावर खडी फोडली आहे, ती आजही हे अभिमानाने सांगते.

लालबागकर

दादा, राग कसला. तुमच्या आईबद्दल वाचून बरं वाटलं. रोजगार हमीच्या कामावर ही बाईही जाते. कायद्याने पंधरा दिवसांत मजुरी मिळायला हवी. तिला एकदा चार महिन्यांनी मिळाली. ते चार महिने घर कशावर चालवायचं, म्हणून मुकादम. आमच्या पैशांनी तिने काम सोडलं नाही. गेल्या वर्षी ती तुमच्याच भागात, नारायणगावला, द्राक्षाच्या कामाला महिनाभर येऊन गेली. फरक इतकाच की दर विचारून आली. पटला नाही तिथे थांबली नाही. आधीच्या वर्षी तिला हे करता आलं नसतं, कारण तिचा दर भाद्रपदातच ठरलेला असायचा.

कांद्याची अडचण खरी आहे हे मी मानते. पण तिच्या स्वस्त मजुरीवर कांदा उभा राहावा असं तुम्हालाही वाटत नसेल.

मागचा बाक

मी या विषयावर थोडा अभ्यास केला आहे, म्हणून काही गोष्टी मांडतो.

मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत प्रत्येक माणसाला दरमहा पैसे दिले. मोठ्या माणसाला २००, मुलाला १००, पुढे ३०० आणि १५०. अट कसलीच नाही. शेजारची तशीच गावं तुलनेसाठी घेतली होती. पैसे मिळालेल्या गावांत लोकांनी जनावरं घेतली, मुलांची, विशेषतः मुलींची शाळेतली हजेरी वाढली, सावकारावरचा भार कमी झाला. दारू वाढल्याचं दिसलं नाही. दारूच्या प्रश्नावर जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र तपासले, तिथेही तेच. दारू-तंबाखूवरचा खर्च बहुतेक ठिकाणी वाढला नाही, काही ठिकाणी घटला.

घाटमाथा दादांच्या मुद्द्यावर: अभिजित बॅनर्जी (२०१९ चं नोबेल मिळालेले, त्यांची आई मराठी) आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात योजना तपासल्या. पैसे मिळाल्यामुळे लोकांनी काम कमी केल्याचा पुरावा मिळाला नाही.

आणि लालबागकर ताईंना उपयोगी पडेल असं एक. केनियात रारिएडा भागात काही घरांना सगळे पैसे एकदम दिले, काहींना तेवढेच महिन्याला विभागून. महिन्याला मिळालेल्यांचं खाणंपिणं सुधारलं. एकदम मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या. गवताच्या छपराच्या जागी पत्रे तर खूप घरांवर आले, कारण गवताचं छप्पर दर एक-दोन वर्षांनी शाकारावं लागतं आणि तो खर्च कायमचा. पुढे केनियातच काही गावांना बारा वर्षांसाठी मासिक पैसे द्यायला सुरुवात झाली. ज्यांना दीर्घकाळ दर महिन्याला मिळणार होते त्यांनी काय करावं? आपसांत भिशी लावली! म्हणजे महिन्याच्या छोट्या रकमेची त्यांनी स्वतःच मोठी रक्कम केली. पुढची बारा वर्षं पैसे येणार हे ठाऊक असल्यामुळेच त्यांना ते जमलं.

तुमच्या घरात नेमकं हेच झालंय. तीन महिने उधारी, मग पोट, मग शेळ्या, मग मोगरा.

जव्हारचा

मी त्याच भागातला, आता अंधेरीला नोकरीला आहे. ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण "रोखच बरी" असा सूर लागला की मला भीती वाटते, म्हणून लिहितोय.

मी आदिवासी विभागाच्या वसतिगृहात राहून शिकलो. २०१८ मध्ये शासनाने ठरवलं की खानावळ बंद, जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात. ऐकायला छान. पैसे यायचे उशिरा आणि खानावळवाला आगाऊ मागायचा. शहर नवीन, भाडोत्री खानावळ शोधायची कुठे? काही पोरं एक वेळ जेवायची आणि उरलेले पैसे घरी पाठवायची. घरच्यांना वाटायचं पोराला पगार लागला. त्या वर्षी जुलैत पुण्याहून नाशिकला विद्यार्थ्यांचा पायी मोर्चा निघाला होता. माझे मित्र त्यात होते.

तसंच रेशनचं. २०२३ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये द्यायला सुरुवात झाली. दीडशे रुपयांत बाजारातून पाच किलो धान्य येतं का, हे ज्याने घ्यायचं त्याला विचारा. धान्याचा भाव वाढत जातो, दीडशेचे २०२४ मध्ये १७० झाले, तेवढंच.

आणि उलटही सांगतो, म्हणजे मी एकाच बाजूचा वाटायला नको. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात खावटी योजना पुन्हा सुरू केली. घरामागे ४,०००, त्यातले २,००० खात्यात आणि २,००० च्या वस्तू: डाळी, कडधान्यं, तेल, साखर, चहा, मीठ. माझ्या आजीच्या पाड्यावर रोख आधी पोचली, वस्तूंचं कीट खूप मागून आलं. तोवर भूक थांबणार होती का?

माझं म्हणणं एवढंच. रेशन, अंगणवाडी, दवाखाना, शाळा हे सगळं असेल तर वरून आलेली रोख सोन्यासारखी. हे काढून घेऊन रोख दिली तर ती फसवणूक. तुमच्या बाईला रेशन मिळतं ना? मुलगी शाळेत शिकतेय ना? म्हणून तुमचे अडीच हजार शेळी होऊ शकले.

लालबागकर

जव्हारचा, तुमचा प्रतिसाद मजल्यावर मोठ्याने वाचून दाखवला. मुलांनी उरलेले पैसे घरी पाठवल्याचं वाचताना आवाज लागेना. रेशन मिळतं, हो. त्यावरच भात निभतो. ते नसतं तर आमचे पैसे तांदळातच संपले असते, हे मी आजवर धरलंच नव्हतं.

अंबाडीची भाजी

मलाही असं कोणाला द्यायचं असेल तर सुरुवात कशी करू? ओळखीचं कोणी नाही.

लालबागकर

ताई, तुमच्या इमारतीत कोण काम करतं ते आधी बघा. वॉचमन, बिगारी, कचरा नेणारे. त्यांच्या गावाकडे कोण आहे ते विचारा. आणि एक तारीख ठरवा, ती चुकवू नका. आमच्याकडून एकदा पाचच्या ऐवजी बारा तारखेला गेले. तिने काही म्हटलं नाही, पण त्या आठवड्यात तिने वाण्याकडे पुन्हा उधारी केली होती. मला ते दोन महिन्यांनी कळलं.

मागचा बाक

लालबागकर ताई, मग ठरलं का काही?

लालबागकर

ठरलं. उशीर झाला, गेल्या रविवारी जाऊन आले. पहाटेची कसारा लोकल, तिथून जीपने खोडाळा, पुढे चालत.

टपालवाल्या काकांचं ऐकून पहिल्यांदा तिला सांगितलं की आता तिघीच आहोत, आणि कधीतरी हे थांबेल, पण सहा महिने आधी कळवू. ती म्हणाली, ते मी धरूनच चाललेय. मग मी मागच्या बाकाने लिहिलेलं एकदम आणि महिन्याचं सांगितलं. केनिया वगैरे काही म्हटलं नाही, फक्त विचारलं, तुला कसे हवेत.

तिने नवऱ्याला हाक मारली, मुलीला वही आणायला लावली. मुलगी आता सातवीत आहे, हिशेब तीच लिहिते. तिघांनी बसून सांगितलं ते असं. आता दर महिन्याला नकोत. लाडकी बहीणच्या पैशांत वाणी भागतो, फक्त ते कधी येतील याचा नेम नसतो. आमचे तिघींचे जे होतील ते वर्षातून दोनदा द्या: अर्धे ज्येष्ठात, बी आणि खतासाठी, आणि अर्धे भाद्रपदात, मुकादम यायच्या आधी.

"आता तो आमच्याकडे येत नाही," ती म्हणाली, "पण शेजारणीकडे येतो. तिला यंदा मी देणार आहे, भाद्रपदात. ती मला फाल्गुनात परत करील, मोगऱ्याच्या पैशातून. तिनेही लावलाय."

शेजारीण तिथेच उंबऱ्यावर बसली होती. मुलीने वहीत तिच्या नावाचं पान आधीच काढून ठेवलं होतं. व्याजाचा रकाना नव्हता.